दोन चित्रांमधला फरक : कक्षेतून उंची मोजण्याचा इतिहास

ग्रहांच्या पृष्ठभागावर संशोधन करायचं ठरवलं की पहिल्या काही आठवड्यांतच तुमच्या हातात एक डीईएम येतो. डिजिटल एलिव्हेशन मॉडेल, म्हणजे प्रत्येक चौकोनात एकेक उंची लिहिलेला नकाशा. सॉफ्टवेअरमध्ये उघडला की रंगीत डोंगर, विवरं, दऱ्या दिसतात. कर्सर ठेवला की उंचीचा आकडा येतो. सगळं इतकं सहज दिसतं, की कोणीतरी तिथे जाऊन टेप लावून मोजून आणलंय असं वाटावं.

प्रत्यक्षात बहुतेक बारीक डीईएम हे अनुमान असतं. एकाच जागेचे दोन फोटो वेगवेगळ्या कोनांतून घेतले, त्यांत एकच दगड कुठे कुठे दिसतो ते शोधलं, आणि त्या सरकण्यावरून उंची काढली. दोन चित्रांमधला फरक म्हणजे उंची, असं आपण धरून चालतो. पण फरक उंचीमुळेच पडतो असं थोडंच आहे? सावली हलली तरी फरक पडतो, यान थरथरलं तरी पडतो, मधल्या काळात तिथली जमीनच बदलली तरी पडतो. कुठला फरक उंचीचा आणि कुठला बाकीच्या कशाचा, हे वेगळं करण्याची धडपड म्हणजेच या विषयाचा इतिहास. शोधनिबंध वाचायला लागण्याआधी तो माहीत असलेला बरा, म्हणून हा लेख.

चंद्र स्वतःच डोलतो

चंद्रावरच्या डोंगरांची उंची काढण्याची जुनी पद्धत एका चित्राची. १६१० मध्ये गॅलिलिओनं चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेपलीकडे, अंधारात चमकणारी शिखरं पाहिली. शिखर सीमेपासून किती लांब असताना त्याला ऊन लागतं, यावरून त्यानं उंचीचा अंदाज केला. पुढे सावलीच्या लांबीवरून उंची काढणं रूढ झालं. पद्धत चांगली, पण जिथे सावली पडते तिथलीच उंची मिळते. मधल्या उताराचं काय, ते कळत नाही.

१८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टोननं स्टिरिओस्कोपचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोन डोळ्यांना थोडी वेगळी चित्रं दाखवली तर मेंदू खोली तयार करतो, हे त्यानं दाखवून दिलं. मग प्रश्न आला चंद्राचा. आपल्या डोळ्यांमधलं अंतर साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास आणि चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर लांब. इतक्या लांबच्या वस्तूसाठी दोन डोळे असले काय आणि एक असला काय, सारखंच.

१८५० च्या दशकाच्या अखेरीस वॉरन द ला रू या इंग्रज हौशी खगोल-छायाचित्रकारानं यावर सुंदर तोड काढली. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते हे खरं, पण तो किंचित डोलत असतो. याला लायब्रेशन म्हणतात. त्यामुळे कधी त्याची पूर्वेकडची कड थोडी जास्त दिसते, कधी पश्चिमेकडची. द ला रूनं कला सारखीच, पण डोलण्याची स्थिती वेगळी, अशा दोन वेळांचे फोटो निवडले आणि स्टिरिओस्कोपमध्ये ठेवले. चंद्र चेंडूसारखा गोल दिसला. आपण जागा बदलायची ती चंद्रानंच बदलून दिली.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा : कला सारखी. म्हणजे प्रकाशाची दिशा जवळजवळ सारखी. आज कक्षेतल्या चित्रांच्या जोड्या निवडताना आपण हीच अट लावतो.

गणित, गरजेपुरतं

बघण्याच्या जागेनुसार वस्तू मागच्या पार्श्वभूमीवर सरकल्यासारखी दिसते, त्याला पॅरॅलॅक्स म्हणतात. मराठीत पराशय. यान एका बाजूनं २५ अंश तिरकं बघतं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा २५ अंश तिरकं बघतं, असं धरा. १०० मीटर उंच टेकडीचा माथा पहिल्या चित्रात सपाट जमिनीच्या हिशेबानं एका दिशेला सुमारे ४७ मीटर सरकेल, दुसऱ्यात उलट दिशेला तेवढाच. एकूण फरक सुमारे ९३ मीटर. एक पिक्सेल ५ मीटरचा असेल तर जवळजवळ १९ पिक्सेल. हे १९ पिक्सेल मोजले की उलट गणितानं उंची मिळते.

आता यातला पेच बघा. दोन नजरांमधला कोन जितका मोठा, तितका हा फरक मोठा आणि उंची तितकी नेमकी. पण कोन वाढला की दोन चित्रं एकमेकांसारखी दिसेनाशी होतात. दरीचा एक काठ एका चित्रात दिसतो, दुसऱ्यात डोंगराआड जातो. मग एकाच दगडाची ओळख दोन्हीकडे पटवायची कशी? कोन लहान ठेवला तर ओळख पटते, पण उंची ढोबळ येते. मोहीम कुठलीही असो, या दोन्हींच्या मध्येच कुठेतरी तडजोड केलेली सापडेल.

फिल्मचा जमाना

पृथ्वीवर हे तंत्र हवाई छायाचित्रणातून पक्कं झालं. दोन महायुद्धांत विमानातून घेतलेल्या, एकमेकांवर चढणाऱ्या फोटोंवरून नकाशे होऊ लागले. ते दुसऱ्या गोलावर नेण्याची गरज अपोलोमुळे पडली. माणूस उतरवायचा तर जमीन किती उताराची, खड्डे किती, हे आधी कळायला हवं.

१९६६ ते १९६७ या काळात अमेरिकेनं पाच लूनर ऑर्बिटर याने पाठवली आणि पाचही यशस्वी झाली. आज ऐकून हसू येईल, पण या यानांत ७० मिलिमीटरची खरीखुरी फिल्म होती. ती यानातच डेव्हलप व्हायची, प्रकाशाच्या बारीक ठिपक्यानं पट्ट्यापट्ट्यांत वाचली जायची आणि रेडिओनं पृथ्वीवर यायची. इथे त्या पट्ट्या जोडून चित्र करायचं. दिसायला उत्तम, पण मोजायला अवघड. पट्टी जरा वाकडी जुळली की तिथे खोटा पराशय तयार होतो, आणि खोटा पराशय म्हणजे खोटी उंची. म्हणून फिल्मवर आधीच बारीक खुणा छापून ठेवलेल्या असत. त्या किती सरकल्या यावरून फिल्मची आणि वाचनाची विकृती ओळखता येई.

अपोलो १५, १६ आणि १७ मध्ये हा धडा वापरला गेला. मुख्य यानात नकाशासाठीचा मेट्रिक कॅमेरा बसवला होता. तो चंद्राचा फोटो काढे, त्याच क्षणी जोडीचा दुसरा कॅमेरा ताऱ्यांचा फोटो काढे आणि लेझर खालच्या जमिनीचं अंतर मोजे. ताऱ्यांवरून कॅमेरा नेमका कुठे बघत होता ते कळे, लेझरवरून किती उंचीवर होता ते. सोबत पॅनोरामिक कॅमेरा होता. तो एकदा पुढे आणि एकदा मागे, १२.५ अंश झुकून बघे, म्हणजे दोन नजरांमध्ये २५ अंश. फिल्म मात्र या वेळी रेडिओनं पाठवायची नव्हती, तीच घरी आणायची होती. ऑगस्ट १९७१ मध्ये परतीच्या वाटेवर, पृथ्वीपासून सुमारे तीन लाख किलोमीटरवर, अल वर्डन यानाबाहेर पडला आणि फिल्मच्या पेट्या काढून आत घेऊन आला.

चित्राइतकीच कॅमेऱ्याची जागा आणि दिशा महत्त्वाची, हा या काळाचा धडा. तुम्ही आज सॉफ्टवेअरला कॅमेरा मॉडेल आणि कक्षेच्या फायली देता, त्या म्हणजे वर्डननं आणलेल्या ताऱ्यांच्या फोटोंचेच वारसदार.

मंगळावर शून्य कुठे?

उंची म्हटलं की कशापासून, हा प्रश्न येतोच. पृथ्वीवर आपण समुद्रसपाटी म्हणतो. मंगळावर समुद्र नाही. म्हणून पूर्वी तिथे हवेचा दाब ६.१ मिलिबार असतो ती पातळी शून्य धरली जाई. पाण्याच्या तिन्ही अवस्था ज्या दाबाला एकत्र राहू शकतात, तो हा दाब.

१९७६ मध्ये मंगळाभोवती पोचलेल्या दोन व्हायकिंग यानांनी हजारो चित्रं पाठवली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या फ्लॅगस्टाफ केंद्रात शर्मन वू आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या जोड्यांवरून आणि इतर मोजमापांच्या आधारानं मंगळाचे उंचीचे नकाशे केले. पण व्हायकिंगचे कॅमेरे या कामासाठी बनवलेले नव्हते. जोड्या जशा मिळतील तशा, कोन हवे तसे नाहीत, यानाची जागाही पुरेशी नेमकी ठाऊक नाही. त्यामुळे एखाद्या विवराचा आकार ठीक यायचा, पण संपूर्ण प्रदेश मिळून वर-खाली झालेला असू शकायचा. काही ठिकाणी ही चूक किलोमीटरांत होती.

ते कळलं मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरच्या मोला या लेझर उंचीमापकामुळे. त्या काळापर्यंतच्या पुस्तकांत ऑलिंपस मॉन्सची उंची २५ ते २७ किलोमीटर लिहिलेली सापडते. मोलानं ती २२ किलोमीटरच्या थोडी खाली आणली. शून्याची व्याख्याही बदलली आणि आता ती गुरुत्वाकर्षणाच्या समान पातळीवरून करतात.

म्हणून स्टिरिओ टाकाऊ ठरलं का? नाही. लेझरचे ठिपके मार्गाच्या दिशेनं सुमारे ३०० मीटर अंतरावर पडत होते, आणि विषुववृत्ताजवळ दोन मार्गांमध्ये किलोमीटरांची मोकळी जागा राहत होती. लेझर सांगतं, ही जागा नक्की किती उंच. स्टिरिओ सांगतं, दोन ठिपक्यांच्या मधे काय आहे. आज मंगळाचे बारीक डीईएम मोलाला बांधूनच तयार होतात. चंद्रावरही तेच. एलआरओ यानाच्या लेझरची मोजमापं आणि जपानच्या कागुया यानाची स्टिरिओ चित्रं एकत्र करून ६० अंश अक्षांशांच्या आतला नकाशा केलेला आहे.

ढगांखालचा शुक्र

शुक्राभोवती दाट ढग, त्यामुळे कॅमेऱ्याचा उपयोग नाही. १९९० मध्ये पोचलेल्या मॅगेलन यानानं रडारनं पृष्ठभाग पाहिला. पहिल्या फेरीत ते डावीकडे बघत होतं, दुसऱ्या फेरीत काही भाग उजवीकडून पाहिले, आणि तिसऱ्या फेरीत मुद्दाम वेगळ्या कोनातून पुन्हा डावीकडून, स्टिरिओसाठी.

रडारच्या चित्रात डावी-उजवी बाजू बदलली की गोंधळ होतो. उजळ दिसणारा उतार काळा होतो, डोंगर उलट दिशेला कलल्यासारखा दिसतो. २०२३ मध्ये रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली यांनी याच जुन्या चित्रांत माट मॉन्स ज्वालामुखीवरचं एक मुख पाहिलं. फेब्रुवारी १९९१ मध्ये ते सुमारे २.२ चौरस किलोमीटरचं आणि गोलसर होतं, ऑक्टोबरमध्ये सुमारे ४ चौरस किलोमीटरचं आणि वेडंवाकडं. मुख खरंच बदललं, की फक्त बघण्याची बाजू बदलली? त्यांनी संगणकावर वेगवेगळ्या आकारांची मुखं तयार करून दोन्ही बाजूंनी ती रडारला कशी दिसतील ते तपासलं. नुसत्या बाजूच्या बदलानं हा फरक जुळेना. शुक्रावर ज्वालामुखी आजही जागे असल्याचा हा मोठा पुरावा ठरला.

हेरिक यांनी त्याआधी मॅगेलनच्या स्टिरिओ जोड्यांवरून शुक्राची उंची काढण्याचं काम बरंच केलेलं होतं. उंचीमुळे फरक कसा पडतो हे ज्याला पक्कं माहीत, त्यालाच उंचीमुळे न पडलेला फरक ओळखता येतो. चित्रं मात्र तीस वर्षं जुनीच होती, आणि सर्वांसाठी खुली.

एका फेरीत तीन नजरा

दोन चित्रांमध्ये महिने गेले तर ऊन बदलतं, धूळ बदलते. मग दोन्ही चित्रं एकाच फेरीत का घेऊ नयेत? जर्मनीत ओटो हॉफमन यांनी मांडलेली तीन रेषांच्या कॅमेऱ्याची कल्पना हीच. संवेदकांची एक ओळ पुढे बघते, एक सरळ खाली, एक मागे. यान पुढे सरकत जातं आणि तीन चित्रं आपोआप विणली जातात.

गेरहार्ड नॉयकुम यांच्या नेतृत्वाखाली याच तत्त्वावर एचआरएससी कॅमेरा झाला आणि रशियाच्या मार्स ९६ यानावर बसला. नोव्हेंबर १९९६ मध्ये ते यान पृथ्वीच्या कक्षेतूनच बाहेर पडू शकलं नाही आणि खाली कोसळलं. इतक्या वर्षांचं काम गेलं. पण कॅमेऱ्याचा राखीव नमुना होता. तो सुधारून २००३ मध्ये युरोपच्या मार्स एक्सप्रेसवर गेला. त्याचे स्टिरिओ संवेदक पुढे आणि मागे १८.९ अंशांनी बघतात. व्हायकिंगच्या एका चित्रात सावल्यांमुळे माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसलेली सायडोनिया भागातली टेकडी आठवते? २००६ मध्ये एचआरएससीच्या चित्रांतून तिचं त्रिमितीय रूप समोर आलं. चेहरा वगैरे काही नाही, झिजलेली टेकडी. एका चित्रानं उठवलेली आवई अनेक कोनांतून बघितल्यावर मिटली.

भारताचा प्रवेश इथलाच. २२ ऑक्टोबर २००८ ला निघालेल्या चांद्रयान-१ वर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरनं बनवलेला टीएमसी होता. १०० किलोमीटर उंचीवरून २० किलोमीटर रुंदीचा पट्टा, ५ मीटरचा पिक्सेल, पुढे आणि मागे २५ अंश. वरच्या गणितातले आकडे मी तिथूनच घेतले होते. पुढच्या आणि मागच्या नजरेत चंद्रावर सुमारे ९३ किलोमीटरचं अंतर पडतं, यान ते साधारण एका मिनिटात कापतं. एका मिनिटात ऊन कितीसं हलणार? द ला रूला जी अट महिनोन्‌महिने थांबून पाळावी लागली, ती इथे रचनेतच पाळली गेली.

यानाचे ताऱ्यांवरून दिशा ओळखणारे संवेदक पुढे बिघडले आणि जायरोस्कोपवर काम भागवावं लागलं. मे २००९ मध्ये कक्षा २०० किलोमीटरवर नेली, आणि ऑगस्टअखेर संपर्क तुटला. तरी हाती आलेल्या चित्रांतून काम झालं. ए. एस. आर्य आणि सहकाऱ्यांनी टीएमसीच्या त्रिमितीय माहितीवरून ओशनस प्रोसेलारम भागात सुमारे १.७ किलोमीटर लांबीची, छत न कोसळलेली लाव्हा-नळी दाखवून दिली. चांद्रयान-२ वर टीएमसी-२ आहेच, शिवाय पाव मीटरच्या आसपास बारकावा असलेला ओएचआरसी आहे. एकच जागा वेगवेगळ्या फेऱ्यांत झुकून बघून त्याच्या जोड्या मिळतात. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ जिथे उतरलं, ती जागा निवडताना या कॅमेऱ्याची चित्रं कामी आली.

पाणी की वाळू?

आता अशी घटना, जिथे सगळं उंचीवरच अडलं होतं. २०१० मध्ये ॲरिझोना विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेणाऱ्या, मूळच्या नेपाळच्या लुजेंद्र ओझाला हायराइज कॅमेऱ्याच्या चित्रांत मंगळाच्या उतारांवर काळपट रेघा दिसल्या. उन्हाळ्यात लांबतात, हिवाळ्यात पुसट होतात. २०११ मध्ये शोधनिबंध आला. २०१५ मध्ये तिथे पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांच्या खुणा असल्याचं जाहीर झालं आणि मंगळावर वाहतं पाणी सापडल्याच्या बातम्या जगभर झळकल्या.

२०१७ मध्ये कॉलिन डंडस आणि सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला : या रेघा किती उतारावर आहेत? हायराइजच्या जोड्यांवरून केलेल्या डीईएमवर त्यांनी १० ठिकाणच्या १५१ रेघा मोजल्या. जवळजवळ सगळ्या २७ अंशांहून तीव्र उतारावर सुरू होत होत्या, आणि उतार तितका सौम्य झाला की थांबत होत्या. पाणी असतं तर ते पुढे सौम्य उतारावरही वाहिलं असतं. कोरडी वाळू मात्र याच कोनाला थबकते. रेघा वाळूच्या घसरणीच्या असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. त्या ऋतूनुसार का दिसतात-लपतात, हा प्रश्न उरलाच.

इथे एक तांत्रिक सापळा आहे, तो समजून घ्या. हायराइजचा पिक्सेल २५ ते ३० सेंटिमीटरचा, डीईएममध्ये साधारण दर मीटरला एक उंची, आणि प्रत्येक उंचीत समजा २० सेंटिमीटरची चूक. शेजारच्या दोन बिंदूंवरून उतार काढला तर फरकातली चूक सुमारे २८ सेंटिमीटर, तीही एका मीटरच्या अंतरावर. म्हणजे सपाट जमीनही १५-१६ अंश उताराची दिसू शकते. तोच उतार २० मीटर अंतरावर काढला तर चूक एका अंशाच्या आत येते. २७ अंश की २० अंश यावर पाणी की वाळू ठरणार असेल, तर उतार किती लांबीवर काढला हे विचारलंच पाहिजे.

डीईएम हातात आला की

इतिहासातून निघालेले चार प्रश्न मी कुठलाही डीईएम वापरण्याआधी विचारते.

एक, दोन चित्रांमध्ये किती काळ गेला आणि ऊन कोणत्या दिशेचं होतं? सावल्या वेगळ्या असतील तर सॉफ्टवेअर सावलीच्या कडेलाच दगड समजून जुळवून टाकतं.

दोन, कोन किती होता? लहान असेल तर उंचीच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका.

तीन, उंची कशाला बांधली आहे? लेझरला बांधलेली नसेल तर डोंगराचा आकार वापरा, दोन लांबच्या जागांच्या उंचीची तुलना करू नका.

चार, जमिनीवर नसलेली नक्षी दिसते का? यान थरथरलं की डीईएममध्ये एकसारख्या लाटा उमटतात. त्या वाळूच्या टेकड्या समजून त्यांच्यावर प्रबंध लिहायला बसू नये.

शेवटी एक. या क्षेत्रात शिरायला यान लागत नाही. नासाच्या ग्रहविज्ञान संग्रहातली चित्रं खुली आहेत, चांद्रयान-२ ची माहिती इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळते, आणि जोड्यांवरून डीईएम करणारं एम्स स्टिरिओ पाइपलाइन फुकट आहे. चंद्रावरचं तुम्हाला आवडणारं एक विवर निवडा, त्याची एक जोडी शोधा आणि स्वतः डीईएम करा. मग तो लेझरच्या उंचीतून वजा करा. जो फरक उरेल, त्यातला प्रत्येक डाग कशामुळे आला हे शोधायला लागा. माझ्या मते संशोधनाची याहून चांगली तालीम नाही.